पॅनेलला ऊन हवे, उष्णता नको
लडाखच्या बर्फापासून खंडाळ्याच्या उन्हापर्यंत : घरच्या छतावरील सौर विजेचा अभ्यास

घराच्या छतावर सोलरच्या प्लेटा बसवून वीज तयार करणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली आणि तेव्हापासून खंडाळा, शिरवळ, लोणंद, वाई या भागांत दुकानाच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर सोलरचीच चर्चा ऐकू येते. आपल्याच सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी हे गाव २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. घरोघरची वीज छतावरून घेणारे हे लहानसे गाव पाहिल्यावर आपल्यालाही हे जमेल, असे अनेकांना वाटू लागले आहे. ते वाटणे रास्तच आहे.

परंतु चर्चेत दोन समजुती वारंवार कानावर येतात. पहिली अशी की, थंड आणि ढगाळ मुलखात सोलर चालत नाही. दुसरी अशी की, ऊन जितके जास्त तापेल तितकी वीज जास्त मिळेल. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्यांच्यावर विसंबून सौदा केला तर नुकसान होते. एक घर सोलरवर आणायचे म्हणजे दीड-दोन लाख रुपयांचा मामला. आपल्यातील लहान दुकानदाराच्या दृष्टीने तो एका लग्नसराईचा सगळा माल असतो. कापडाचा ताका घेताना आपण पोत पाहतो, पन्हा मोजतो, रंग पक्का आहे का ते पाण्यात बुडवून बघतो. मग पंचवीस वर्षे छतावर राहणारी वस्तू केवळ विक्रेत्याच्या शब्दावर का घ्यावी? म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून अभ्यास करू.

उजेड वेगळा, उष्णता वेगळी

सौर पॅनेल उजेडापासून वीज तयार करते, उष्णतेपासून नाही. छतावर पाणी तापवणारा सोलर बंब आणि वीज तयार करणारे पॅनेल ही दोन वेगळी यंत्रे आहेत. बंबाला उष्णता हवी असते. पॅनेलला मात्र उष्णता ही अडचण असते.

पॅनेलच्या मागे जो आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ५५० वॅट, तो कारखान्यातील ठरावीक परिस्थितीचा असतो. तेथे पॅनेलमधील सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस धरलेले असते आणि दर चौरस मीटरवर १,००० वॅट इतका प्रकाश धरलेला असतो. सेल यापेक्षा तापले की प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते. एप्रिल-मेच्या दुपारी खंडाळ्याच्या स्लॅबवर पॅनेलचे स्वतःचे तापमान ६५ अंशांपर्यंत सहज जाते. म्हणजे २५ च्या वर ४० अंश. दर अंशी ०.३५ टक्के धरले तरी १४ टक्के घट झाली. ५५० वॅटचे पॅनेल त्या वेळी भर उन्हातही सुमारे ४७० वॅटचेच काम करते.

उलट तेवढाच प्रकाश असताना सेलचे तापमान शून्याखाली १० अंश असेल तर हाच हिशोब उलटा चालतो आणि १२ टक्क्यांच्या आसपास वाढ मिळते. थंडी पॅनेलची दुश्मन नाही, दोस्त आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

लडाखच्या बर्फाचा धडा

आपल्या देशात थंडीतील सौर विजेचा खरा तजुर्बा लडाखमध्ये मिळतो. सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांतील जवान लेह, कारगिल, सियाचीनच्या बाजूला नोकरी करून आलेले आहेत, त्यामुळे तेथील थंडीची कल्पना आपल्याकडे अनेकांना आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ, आकाश वर्षातील बहुतेक दिवस निरभ्र, त्यामुळे प्रकाश प्रखर. त्यात जमिनीवर बर्फ असेल तर त्यावरून परतलेला उजेडही पॅनेलला मिळतो. मात्र तेथे पॅनेल बसवणाऱ्याला चार गोष्टींचा बंदोबस्त करावा लागतो. त्या चारही गोष्टींत आपल्यासाठी धडा आहे.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते, दर अंशी साधारण ०.२७ टक्के. समजा, ५० व्होल्टची दहा पॅनेले एकामागे एक जोडली. कागदावर ५०० व्होल्ट झाले. लेहच्या शून्याखाली १५ अंशांच्या सकाळी तेच सुमारे ५५४ व्होल्ट होतात. इन्व्हर्टरची मर्यादा ५५० असेल तर सूर्य उगवताच तो जळू शकतो. खंडाळ्यात हिवाळ्यात १० अंशांच्या सकाळी हाच आकडा सुमारे ५२० पर्यंत जातो. म्हणजे जी जोडणी येथे सुखाने चालते, तीच तेथे यंत्र बिघडवते. धडा असा की, जोडणीचा हिशोब गावच्या सर्वांत थंड सकाळी धरून करावा आणि मर्यादेखाली जागा राखून ठेवावी.

दुसरी गोष्ट वजनाची. ओला, बसलेला बर्फ एका घनमीटरला ३०० किलो आणि त्याहूनही जास्त भरतो. मोठे पॅनेल सुमारे अडीच चौरस मीटरचे असते. त्यावर एक फूट असा बर्फ साचला तर एका पॅनेलवर सव्वादोनशे किलोच्या घरात भार येतो. पॅनेलचे स्वतःचे वजन मात्र सुमारे २८ किलोच असते. म्हणून तेथे चौकट जाड लागते आणि पॅनेलचा उतार तीव्र ठेवतात, म्हणजे बर्फ आपोआप घसरून पडतो. घसरलेला बर्फ साचून पुन्हा पॅनेलला टेकू नये म्हणून खालच्या कडेला मोकळी जागा सोडतात.

तिसरी गोष्ट साफसफाईची. बर्फ खरवडायला लोखंडी फावडे चालत नाही आणि गरम पाणी तर मुळीच चालत नाही. थंड काचेवर गरम पाणी पडले की काच तडकते. मऊ ब्रश किंवा रबराच्या पट्टीचा दांडा एवढेच साधन वापरावे. आपल्याकडे नियम तोच, फक्त उलट बाजूने. भर दुपारी तापलेल्या काचेवर टाकीचे गार पाणी ओतू नये. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर धुवावे.

चौथी गोष्ट बॅटरीची. कडाक्याच्या थंडीत साध्या ॲसिडच्या बॅटरीची साठवण कमी होते, आणि लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर ती कायमची खराब होते. म्हणून थंड मुलखात बॅटरी घराच्या आत ठेवतात. आपल्याकडे धोका उष्णतेचा आहे. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या डब्यात ठेवलेली बॅटरी लवकर थकते. बॅटरी घ्यायचीच असेल तर तिला घरातील थंड, हवेशीर कोपरा द्यावा.

महाबळेश्वर-पाचगणी : थंडी नव्हे, धुके

आपल्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी हिवाळ्यात काही पहाटे दवबिंदू गोठतात, तेवढाच काय तो आपला बर्फ. त्याने पॅनेलचे काही बिघडत नाही, उन्हाबरोबर ते वितळून जाते आणि जाताना काच धुऊन जाते.

तेथील खरी अडचण पाऊस आणि धुके ही आहे. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर डोंगर ढगात बुडालेला असतो. दाट धुक्यात पॅनेल अगदी बंद पडत नाही, पण निरभ्र दिवसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. तेथून पूर्वेकडे जसजसे उतरावे तसतसा पाऊस झपाट्याने कमी होतो. पाचगणीला कमी, वाईला त्याहून कमी, आणि खंडाळा तर पर्जन्यछायेचा तालुका. म्हणून महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्याचे आणि खंडाळ्याच्या दुकानदाराचे गणित एकच धरता येत नाही. एकाच जिल्ह्यात असूनही ते दोन मुलूख आहेत. डोंगरावरील घराने पावसाळ्याचे चार महिने जवळपास सोडून देऊन उरलेल्या आठ महिन्यांवर हिशोब मांडावा, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

खंडाळ्याचा बर्फ कोणता?

प्रत्येक मुलखात पॅनेलला त्रास देणारी एखादी गोष्ट असतेच. लडाखात ती बर्फ आहे, आपल्याकडे ती ताप, वारा, धूळ आणि गारा या रूपांत येते.

तापाचा उपाय हवा. पॅनेल पत्र्याला चिकटवून बसवू नये. खालून वारा खेळेल अशी किमान चार-सहा इंचांची पोकळी ठेवावी. स्लॅबवर तर उंच चौकटीची सोय असतेच. तीत सावलीची जागाही मिळते आणि पॅनेलही थंड राहते.

वाऱ्याविषयी आपल्या जिल्ह्यात सांगायची गरज नाही. पाटण तालुक्यातील वनकुसवडे आणि साताऱ्याजवळील चाळकेवाडी येथील पवनचक्क्या तो रोज सांगतात. बर्फ पॅनेलला खाली दाबतो, वारा त्याला वर उचलतो, हा फरक महत्त्वाचा आहे. सहा पॅनेलांची चौकट म्हणजे सुमारे १६५ चौरस फुटांचे शीड होय. त्याचे एकूण वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, पण वादळी वाऱ्याची ओढ त्याच्या कितीतरी पट होऊ शकते. तेव्हा चौकट स्लॅबला पक्की धरलेली असावी. मात्र स्लॅबला वाटेल तशी भोके पाडली तर पुढच्याच पावसाळ्यात घर गळू लागते. स्लॅबवर सिमेंट-काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत बोल्ट बसवणे, किंवा भोक पाडलेच तर त्यात रसायन भरून ते पक्के बुजवणे, हे दोन रस्ते चांगले.

धुळीचे म्हणाल तर महामार्गाच्या कडेला असलेल्या घरांवर ती जास्त बसते. पावसाळा सोडून दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने धुणे पुरे. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसताच काढावी, कारण तेवढ्या ठिकाणी सेल झाकले जाऊन तापतात.

गारांची भीती अनेकांना वाटते. आपल्याकडे अवकाळी पावसात गारा पडतातच. प्रमाणित पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटर जाडीच्या बर्फाच्या गोळ्या ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने मारून केलेली असते. नेहमीच्या गारांना ते दाद देत नाही. पण ही खात्री प्रमाणपत्र असलेल्या मालाची आहे, बिननावाच्या मालाची नाही.

सावली : ताण्यातील तुटका धागा

मागावर एक धागा तुटला तर सारे कापड डागी होते. पॅनेलांच्या माळेचेही तसेच आहे. एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांपैकी एकावर सावली पडली तर त्याचा परिणाम पूर्ण माळेवर होऊ शकतो. आत बायपास डायोडची सोय असते, तिने नुकसान कमी होते, पण टळत नाही.

पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे ठेवावे. उतार साधारण आपल्या अक्षांशाइतका असावा. खंडाळ्याला सुमारे १८ अंश, लेहला ३४ किंवा हिवाळ्यासाठी त्याहून जास्त. सावली मात्र उन्हाळ्यात पाहून ठरवू नये. मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो आणि गच्ची मोकळी दिसते. डिसेंबरच्या अखेरीस खंडाळ्यात सूर्य दुपारीही क्षितिजापासून साडेअठ्ठेचाळीस अंशच वर चढतो. तीन फुटी कठड्याची सावली तेव्हा भर दुपारी अडीच फुटांहून लांब पडते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून कितीतरी जास्त. पाण्याची टाकी, शेजारचा मजला, मशिदीचा किंवा मंदिराचा उंच भाग, नारळाचे झाड या सर्वांचा हिशोब हिवाळ्यातील सूर्य धरून करावा. शेजाऱ्याने पुढे मजला चढवला तर काय, हाही विचार आधीच करून ठेवावा.

पैशाचा हिशोब

आपल्या भागात एक किलोवॅटची यंत्रणा वर्षभराची सरासरी धरता दिवसाला सुमारे ४ युनिट वीज देते आणि तिला साधारण १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. केंद्राच्या योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिकला ७८,००० रुपये अनुदान ठरवलेले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटीही १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला.

समजा, एका घराला महिन्याला ३०० युनिट लागतात आणि ३ किलोवॅटची यंत्रणा १,९०,००० रुपयांत बसली. अनुदान वजा जाता १,१२,००० उरले. विजेचा सरासरी दर ९ रुपये धरला तर महिन्याला २,७०० आणि वर्षाला ३२,४०० रुपये वाचतात. साधारण साडेतीन वर्षांत पैसे फिटतात. स्थिर आकार भरावाच लागतो, म्हणून बिल अगदी शून्य होईल असे कोणी सांगितले तर ते जपून ऐकावे.

आता दुसरे घर घ्या. महिन्याला ६० युनिट, दोन दिवे, दोन पंखे, एक टीव्ही. एक किलोवॅट ७०,००० रुपयांत, अनुदान वजा जाता ४०,०००. दर कमी टप्प्याचा, म्हणून ६ रुपये धरू. महिन्याला ३६०, वर्षाला ४,३२० रुपये वाचले. पैसे फिटायला नऊ वर्षांहून जास्त लागतील. अशा घराने शेजाऱ्याचे पाहून घाई करू नये. जुना पंखा आणि जुने दिवे बदलण्यातच त्यांचा पहिला फायदा आहे.

आणखी दोन गोष्टी. अनुदान यंत्रणा सुरू झाल्यावर बँक खात्यात येते, म्हणजे आधी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. बँका कर्ज देतात, पण ते व्याजाचे असते. व्याज टाळणाऱ्या आपल्या बंधूंनी भिशी, बिनव्याजी पतपेढी, किंवा विक्रेत्याशी ठरवलेले सरळ हप्ते यांचा विचार करावा. काहीच शक्य नसेल तर लहान यंत्रणेपासून सुरुवात करावी आणि चौकटीत वाढीची जागा ठेवावी. दुसरे असे की, हे अनुदान घरासाठी आहे, दुकान किंवा कारखान्यासाठी नाही. दुकानाचा वीजदर मात्र घरापेक्षा जास्त असल्याने तेथे अनुदानाविनाही हिशोब बसू शकतो. विटा किंवा इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने आपली बारा महिन्यांची बिले समोर ठेवून तो स्वतः मांडावा.

वीज गेली की सोलरही बंद

या एका मुद्द्यावर सर्वांत जास्त तक्रारी ऐकू येतात. महावितरणच्या तारेला जोडलेली साधी यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. हा दोष नाही. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाची ती काळजी आहे, कारण छतावरची वीज बंद तारेत गेली तर खांबावरचा माणूस दगावेल. वीज गेल्यावरही शिलाई यंत्र चालवायचे असेल तर बॅटरीची हायब्रिड यंत्रणा लागते आणि तिचा खर्च बराच जास्त असतो. आपल्याला बिल कमी करायचे आहे की भारनियमनातून सुटका हवी आहे, हे आधी ठरवावे. दोन गरजा वेगळ्या आहेत आणि त्यांचे सौदेही वेगळे.

कारागीर बंधूंसाठी

या धंद्यात केवळ घेणाऱ्याचाच फायदा नाही. वेल्डर, फॅब्रिकेटर, वायरमन, गवंडी यांच्यासाठी हे नवे काम आहे. पण जुन्या सवयींनी ते करता येत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या चौकटीवर वेल्डिंग केले की तेथील मुलामा जळतो आणि तेथूनच गंज सुरू होतो. म्हणून जोड बोल्टने करावेत, आणि कापलेल्या टोकांना जस्ताचा रंग द्यावा. वायरमन बंधूंनी लक्षात ठेवावे की, उन्हात असलेले पॅनेल बटण बंद केल्याने मरत नाही. त्याच्या तारेत वीज असतेच. ती डीसी असल्याने ठिणगी पेटली की घरगुती विजेसारखी चटकन विझत नाही. चालू भारावर जोड कधीही ओढून काढू नये. अर्थिंग, वीजरोधक आणि सुरक्षापेट्या यांत एक रुपयाचीही काटकसर नको. परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली चार-सहा कामे केली की हात बसतो. जो कारागीर काम नीट करील त्याला आपल्या भागात गिऱ्हाईक शोधावे लागणार नाही.

सौदा करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

१. मागील बारा महिन्यांची बिले पाहून किलोवॅट ठरवले आहे का, की अंदाजाने?
२. विक्रेता योजनेच्या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का? पॅनेल देशी बनावटीचे आहे का? अनुदानासाठी ही अट आहे.
३. पॅनेल, इन्व्हर्टर आणि चौकट यांची हमी वेगवेगळी लिहून दिली आहे का? पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, इन्व्हर्टर बहुधा त्याआधीच बदलावा लागतो.
४. चौकटीचे लोखंड कोणते, जाडी किती, मुलामा कसला?
५. स्लॅब गळल्यास जबाबदारी कोणाची?
६. नेट मीटरचा अर्ज, तपासणी आणि शुल्क दरात धरलेले आहे का? जास्तीच्या युनिटांचा चालू वर्षाचा नियम महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात स्वतः विचारला का?
७. बिघाड झाल्यास किती दिवसांत माणूस येईल, आणि तो कोठून येईल?

या सातही प्रश्नांची उत्तरे तोंडी न घेता दरपत्रकावर लिहून घ्यावीत. 'तीन किलोवॅट, सर्व खर्चासह' अशा एका ओळीचे दरपत्रक म्हणजे पन्हा न लिहिलेला ताका होय. किमान तीन ठिकाणचे दर मागवावेत आणि स्वस्तात स्वस्त कोणते, यापेक्षा कशात काय धरले आहे ते ताडून पाहावे.

बर्फाच्या मुलखातील माणूस बर्फाचा विचार करून पॅनेल बसवतो, म्हणून त्याचे चालते. आपण आपल्या उन्हाचा, वाऱ्याचा, धुळीचा आणि आपल्या बिलाचा विचार करून बसवले तर आपलेही चालेल. सूर्याचा उजेड सर्वांना सारखाच आणि फुकट मिळतो. त्यातला फायदा मात्र आधी माप घेऊन मग सौदा करणाऱ्याच्याच पदरात पडतो.